दिलेली किल्ली परत घेता आली पाहिजे : लघुउद्योजक संघटनेच्या कार्यकारिणीला खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य,
आपली लघुउद्योजक संघटना, भोसरी.

स.न.वि.वि.

गेल्या महिन्याच्या बैठकीत वसाहतीतल्या चोऱ्यांवर दीड तास बोलणं झालं. कुणाची तांब्याची केबल गेली होती, कुणाचं स्क्रॅप, कुणाच्या शेडमधून तर मोटारच उचलून नेली होती. शेवटी ठरलं ते असं : चौकाचौकांत आणखी कॅमेरे बसवायचे, रात्रीच्या गस्तीला दोन माणसं वाढवायची आणि त्यासाठी प्रत्येक सभासदाने जादा वर्गणी द्यायची. वर्गणीला माझी ना नाही. पण मी हात वर केला होता तो वेगळं काही सांगायला, आणि तोवर जेवणाची वेळ झाली. म्हणून हे पत्र, शेडच्या दारांवरची कुलपं क्लाउडवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या सर्व्हरवरून, सांभाळण्याबद्दल. ते खुलं अशासाठी, की हा प्रश्न एकट्या भोसरीचा नाही. चाकण, तळवडे, अंबड, वाळूज, जिथे जिथे पंधरा-वीस माणसांची शेड आहे तिथे तो असाच आहे.

आपण कुंपणाचा विचार करतोय. माझ्याकडचा माल गेला तो दारातून गेला, कुलूप न तोडता. कारण दिलेली किल्ली परत घेण्याची सोयच माझ्याकडे नव्हती.

माझी दोन युनिट्स आहेत. भोसरीत मशीन शॉप आणि टूल रूम, तर चाकणच्या बाजूला म्हाळुंग्याला असेंब्ली आणि फायनल इन्स्पेक्शन. टूल रूम सांभाळणाऱ्याला मी सांगायला नको की तिथे काय असतं. कार्बाइड इन्सर्टची, म्हणजे मशीनवर धातू कापणाऱ्या छोट्या पात्यांची, दहाची डबी शर्टाच्या खिशात मावते आणि तिची किंमत हजारांत असते. चार वर्षांपूर्वी गुरुवारच्या सुट्टीनंतर शुक्रवारी सकाळी टूल रूम उघडली, तर अशा चौदा डब्या नव्हत्या. आणि ग्राहकाने दिलेला प्लग गेजचा, म्हणजे भोकाचं माप तपासायच्या साधनांचा, एक संच नव्हता. इन्सर्ट पुन्हा आणता येतात. गेज ग्राहकाच्या मालकीचं, त्यावर त्यांचा नंबर कोरलेला, कॅलिब्रेशनचं, म्हणजे मापाच्या अचूकतेचं, प्रमाणपत्र सोबत. ते हरवलं हे कळवायचा फोन मीच केला. पलीकडून काही वेळ कुणी बोललंच नाही.

टूल रूमच्या दाराला कार्डाचं मशीन आणि चुंबकाचं कुलूप होतं. आणीबाणीसाठी एक साधी किल्लीही होती, तिचा जुडगा गेटच्या केबिनमध्ये खिळ्याला टांगलेला. रात्री गेटवर एकच वॉचमन. त्यांना सगळे मामा म्हणत. परभणीकडचे, सहा वर्षं आमच्याकडे होते. दारावरच्या मशीनच्या नोंदी बघायच्या तर त्या केबिनमधल्या कॉम्प्युटरवर जमा व्हायच्या. त्यावर विंडोज ७ होतं, ज्याचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० लाच थांबवला होता. हार्ड डिस्क दिवाळीपासून आवाज करत होती, नेमकी त्या आठवड्यात ती बसली. ज्याने यंत्रणा बसवली त्याच्याकडेच ॲडमिनचा पासवर्ड, आणि तो फोन उचलेना. मग माझ्यासमोर राहिलं काय? आवक-जावक रजिस्टर, ज्यात ‘रात्री कोणी आले नाही’ असं मामांच्या अक्षरात लिहिलेलं, खिळ्यावरचा जुडगा, आणि रात्रभर त्या जुडग्याजवळ बसलेला एक माणूस.

मी त्यांना चोर म्हटलं नाही. मी म्हटलं, “मामा, तुमच्याशिवाय इथे कुणी नव्हतं.” अर्थ तोच होतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी गणवेशाची घडी करून टेबलावर ठेवली, राहिलेला पगारही मागितला नाही, आणि गेले.

सात महिन्यांनी जुनी यंत्रणा काढायला नवा तंत्रज्ञ आला. त्याने दारावरच्या मशीनला पेन ड्राइव्ह लावून तिच्या पोटातल्या नोंदी काढल्या. त्या गुरुवारच्या रात्री टूल रूमचं दार दोनदा उघडलं होतं, दोन्ही वेळा कार्डाने. कार्डाचा क्रमांक कॉन्ट्रॅक्टरच्या एका सुपरवायझरचा होता, आणि तो माणूस चोरीच्या तीन महिने आधीच काम सोडून गेला होता. मुख्य गेटच्या मशीनमधून त्याचं नाव काढलेलं होतं. टूल रूमच्या मशीनमधून काढायचं राहिलं, कारण तिथे वेगळं जाऊन, वेगळा पासवर्ड टाकून काढावं लागायचं. मागच्या गल्लीतल्या छोट्या दाराची किल्लीही त्याला कधीतरी दिलेली होती. कुणी दिली, तेही कुणाला आठवेना.

ती नोंद आम्ही पोलिसांना दिली. पण मशीनचं घड्याळ सत्तेचाळीस मिनिटं मागे चालत होतं, आणि मध्ये एकदा बॅटरी संपून तारीख थेट २००० सालावर गेल्याच्याही खुणा होत्या. अशी नोंद पुरावा म्हणून कितपत टिकेल, याची वकिलांना शंका होती. पुढे काही झालं नाही. कार्ड त्या माणसाचं होतं, ते लावणारा हात कुणाचा, हे मी आजही सांगू शकत नाही. मामांकडे मात्र टूल रूमचं कार्ड कधी नव्हतंच.

मी त्यांच्या गावी गेले. त्यांनी चहा केला. म्हणाले, “ताई, मी नेलं नाही हे मला माहीत होतं. पण मला काढलंय, हे सगळ्या गावाला माहीत होतं.”

यावर द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. परत आल्यावर मी दारांचा विषय हातात घेतला आणि तेव्हापासून सोडलेला नाही. आज माझ्या दोन्ही युनिट्सची सहा दारं क्लाउडवरून चालणाऱ्या यंत्रणेवर आहेत. मी हे विकत नाही, कुणाची एजन्सी माझ्याकडे नाही, आणि म्हणूनच या पत्रात कुठल्याही कंपनीचं उत्पादन सुचवलेलं नाही.

ती चालते कशी, हे आधी सांगते, कारण बैठकीत मागे बसलेले दोघेजण म्हणत होते की ‘आपलं दार इंटरनेटवर टाकायचं म्हणजे घर उघडं टाकण्यासारखं.’ दाराशी कार्ड वाचणारा रीडर असतो. आतल्या बाजूला एका पेटीत कंट्रोलर असतो, तोच कुलपाला उघड-मीट सांगतो. कुणाला कुठलं दार, कुठल्या वारी, किती ते किती, ही यादी कंपनीच्या सर्व्हरवर ठरते आणि तिची प्रत कंट्रोलरकडे येऊन बसते. कार्ड लावलं की कंट्रोलर आपल्या जवळची प्रत बघतो आणि दार उघडतो. दर वेळी सर्व्हरला विचारायला जात नाही. संपर्क कंट्रोलर आतून बाहेर करतो, कूटबद्ध मार्गाने, आपल्या फोनमधलं बँकेचं ॲप करतं तसाच. त्यासाठी राउटरमध्ये बाहेरून आत यायला वाट मोकळी करावी लागत नाही.

सर्व्हर असतो कुठे, हेही लोक विचारतात. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये भारतात पहिली डेटा सेंटर्स सुरू केली, त्यात पुणे आणि मुंबई दोन्ही होती. ॲमेझॉनचं मुंबईतलं केंद्र २०१६ पासून आहे, गूगलचं २०१७ पासून. आपल्या दाराची यादी परदेशातच जाते असं नाही, भारतातच ठेवा असं करारात मागता येतं आणि मागावंच.

आता फायदा. कॉन्ट्रॅक्टरचा माणूस गेल्याचा निरोप मला एका संध्याकाळी मोशीच्या ट्रॅफिकमध्ये आला. गाडी थांबलेलीच होती. फोनवर त्याचं नाव उघडलं, एक बटण दाबलं, आणि भोसरीचं गेट, टूल रूम, म्हाळुंग्याचं स्टोअर, सगळीकडून त्याचं कार्ड एकदम बंद झालं. जुन्या पद्धतीत यासाठी दोन युनिट्समध्ये सहा मशीन्सपाशी जावं लागलं असतं, आणि एक तरी राहिलं असतं. राहिलंच होतं.

पण मला खरी मोलाची वाटली ती याहून साधी गोष्ट : कार्डाला शेवटची तारीख घालता येते. कॉन्ट्रॅक्टरच्या माणसांची ऑर्डर तीन महिन्यांची असेल तर कार्डही तीन महिन्यांचंच. मुदत वाढली तर वाढवायची, नाही वाढली तर कुणाच्या लक्षात राहिलं न राहिलं, कार्ड आपोआप मरतं. कॉम्प्रेसरच्या एएमसीचा, म्हणजे वार्षिक देखभालीच्या कराराचा, माणूस महिन्यातून एकदा येतो, त्याला मंगळवारी दहा ते एक एवढंच आणि कॉम्प्रेसरच्या खोलीपुरतंच. बँकेचे स्टॉक तपासायला येणारे, कॅलिब्रेशनवाले, ग्राहकाचे इन्स्पेक्टर, प्रत्येकाला त्याच्या कामापुरतं. पूर्वी मी माणसावर विश्वास ठेवायचा की नाही एवढंच ठरवू शकत होते. आता विश्वास किती वेळ आणि कुठल्या दारापर्यंत, हे ठरवता येतं. यात कुणाचा अपमान नाही. उलट ज्याचं कार्ड टूल रूमला चालतच नाही, त्याच्याकडे बोटही दाखवता येत नाही.

दुसरं घड्याळ. सत्तेचाळीस मिनिटांचं दुखणं मी विसरलेले नाही. आताच्या कंट्रोलरची घड्याळं इंटरनेटवरून सतत जुळवली जातात, त्यामुळे सगळ्या दारांची वेळ एकच आणि ती कॅमेऱ्याच्या वेळेशी जुळते. तुम्ही चौकात कॅमेरे लावाल तेव्हा हे लक्षात घ्या. कॅमेऱ्यात रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी पाठमोरा माणूस दिसला आणि दाराच्या नोंदीत एक वाजून तेवीस मिनिटं असतील, तर दोन्ही जोडायला बसणाऱ्याची रात्र जाते. नोंद मशीनच्या पोटातही राहत नाही. इंटरनेट चालू असलं तर ती त्याच क्षणी वर जाते. मग मशीन फोडलं, केबिनमधला कॉम्प्युटर नेला, तरी नोंद जागेवर असते.

तिसरी गोष्ट ऑडिटची. आपल्यापैकी बरेचजण चाकणच्या गाड्यांच्या कारखान्यांना थेट किंवा टियर-वनमार्फत, म्हणजे त्यांच्या थेट पुरवठादारांमार्फत, माल देतात. जर्मन ग्राहक कंपन्या आता टिसॅक्सबद्दल विचारतात, म्हणजे गाडी उद्योगात २०१७ पासून चालू झालेली माहिती-सुरक्षेची तपासणी. नव्या मॉडेलचा भाग अजून बाजारात आलेला नसतो, त्याची ड्रॉइंग्ज आणि नमुने आपल्या शेडमध्ये असतात. ते ठेवलेल्या खोलीत कोण गेलं, हे त्यांना बघायचं असतं. माहिती-सुरक्षेच्याच आयएसओ २७००१ या मानकाच्या तपासणीतही प्रवेशावरच्या नियंत्रणाचा प्रश्न असतोच. गेल्या वर्षी ऑडिटर आमच्याकडे आले, त्यांनी एका खोलीच्या सहा महिन्यांच्या नोंदी मागितल्या. माझ्या ऑफिसातल्या मुलीने त्यांचा चहा होईपर्यंत त्या छापून आणल्या. पूर्वी आम्ही अशा वेळी रजिस्टर ‘पूर्ण करायला’ बसायचो. बसायचो ना आपण सगळेच?

कामगारांच्या बाजूनेही बोलायला हवं, कारण त्यांचा या सगळ्यावर संशय असतो आणि तो रास्त आहे. आमच्याकडे आधी हजेरीला बोटाचा ठसा होता. लेथवर वीस वर्षं काढलेल्या माणसाचा अंगठा बघा कधी. कूलंटने कातडी गुळगुळीत झालेली, धातूची धारदार बर लागून चिरा पडलेल्या. मशीन म्हणायचं ‘पुन्हा प्रयत्न करा’. चार वेळा, पाच वेळा. मागे रांग, शिफ्टची वेळ टळलेली, आणि महिन्याच्या शेवटी लेट मार्क. सगळ्यात जास्त मेहनत केलेल्या हातांचीच हजेरी बुडत होती. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे सरकारी कार्यालयांनीही ठसे थांबवले, तेव्हा आम्हीही थांबवले आणि पुन्हा चालू केले नाहीत. आता साधं कार्ड आहे. फोनवरूनही दार उघडता येतं, पण शॉप फ्लोअरवर मी ते ठेवलेलं नाही. कित्येकांकडे बटणांचा फोन असतो आणि मशीनपाशी फोन नकोच असतो.

शिवाय ठसा गेला की गेला. कार्ड चोरीला गेलं तर दुसरं देता येतं, अंगठा दुसरा देता येत नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला आहे. नोकरीच्या कामासाठी आणि नुकसान टाळण्यासाठी मालकाला कामगाराची माहिती वापरता येते, पण ती सांभाळण्याची जबाबदारीही त्याच्यावर येते. सुरक्षेत कसूर झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. एवढा दंड आपल्यासारख्यांना होईल असं मी म्हणत नाही. पण केबिनमधल्या, पासवर्ड नसलेल्या कॉम्प्युटरवर दोनशे लोकांचे ठसे पडून आहेत, आणि तो कॉम्प्युटर उद्या भंगारात जाणार आहे, हे चित्र आपल्या वसाहतीत किती ठिकाणी आहे ते कार्यकारिणीने मनाशीच मोजावं.

कार्डाबद्दल एक सूचना. क्लाउड घेतला म्हणजे कार्ड सुरक्षित झालं असं नाही. आपल्याकडे सर्रास वापरतात ती पांढरी जाड कार्डं रीडरजवळ नेली की आपला ठरलेला नंबर उघडपणे सांगतात. बऱ्याच कार्डांवर तो छापलेलाही असतो. किल्ल्या बनवणाऱ्याच्या टपरीवर त्याची नक्कल निघते. त्यापुढची म्हणून विकली गेलेली मायफेअर क्लासिक कार्डंही २००८ साली नेदरलंड्समधल्या नाइमेखन विद्यापीठाच्या संशोधकांनी फोडून दाखवली. त्यामुळे नवी यंत्रणा घेताना कार्डही कूटबद्ध, नक्कल न होणाऱ्या प्रकारचंच मागा. रीडरपासून कंट्रोलरपर्यंतची वायरही बघा. जुन्या वीगँड पद्धतीत तिच्यातून नंबर तसाच उघडा जातो. ओएसडीपी या नव्या पद्धतीत तो कूटबद्ध करून पाठवता येतो. विक्रेता यातलं काही आपण होऊन सांगत नाही. स्वस्त पडतं ते बसवतो आणि ‘क्लाउड आहे’ म्हणतो.

आता आक्षेप. ते सगळे मी स्वतः घेतले होते, म्हणून झटकून टाकत नाही.

‘नेट गेलं तर?’ दार चालतच राहतं, कारण यादीची प्रत कंट्रोलरकडे असते. नोंदी तो साठवून ठेवतो आणि नेट आलं की वर पाठवतो. नेट नसताना होत नाही ते एवढंच, की नवीन बदल दारापर्यंत पोहोचत नाहीत. कार्ड बंद केलं तरी ते नेट येईपर्यंत चालतं. म्हणून आम्ही ब्रॉडबँडला जोड म्हणून एक सिम घातलंय. आणि कंट्रोलर खरंच नेटशिवाय चालतो का, हे खरेदीआधी केबल उपटून बघा. मी बघितलं. एका विक्रेत्याचं दार तिथल्या तिथे मुकं झालं, तो करार झाला नाही. मोठ्या मोठ्यांचंही असं होतं. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुकचं सगळं जाळं साधारण सहा तास बंद पडलं, तेव्हा त्यांच्याच माणसांची ओळखपत्रं दारांवर चालत नसल्याच्या बातम्या होत्या. दुरुस्त करायला जाणारेच बाहेर.

‘लाइट गेली तर?’ इथे जरा थांबते, कारण हा जिवाशी खेळ आहे. दारावरचं चुंबकाचं कुलूप साधारण २७० किलोच्या ओढीला दाद देत नाही, पण त्याचा विजेचा पुरवठा तुटला की ते सुटतं. पेटीत बॅटरी असते, ती काही तास धरते. तेवढ्यासाठी कुणी कुणी असं कुलूप बसवतात की वीज गेली तरी बंदच राहील. स्टोअरच्या आतल्या कपाटाला ते ठीक. ज्या वाटेने माणसं बाहेर पडतात त्या दाराला ते कधीही नको. आतून बाहेर पडायला कार्ड लागता कामा नये, दाराशी हिरवी काच फोडायची पेटी हवी, आणि ती पेटी सॉफ्टवेअरला न विचारता थेट विजेची तार तोडणारी हवी. फायर अलार्म वाजला की चुंबक सुटलं पाहिजे. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ ला ५९ माणसं गेली, आणि बाल्कनीतून बाहेर पडायच्या वाटा बंद होत्या हे न्यायालयात पुढे आलं. आपल्याही काही शेडमध्ये रात्रपाळीला बाहेरून कडी घालतात, चोरी होऊ नये म्हणून. मी हे डोळ्यांनी पाहिलंय, आणि बैठकीत कुणी त्याचा उल्लेखही केला नाही. दारं बदलण्याचं दुसरं कुठलंच कारण पटत नसेल, तर हे एक तरी पटावं. नोंद ठेवणारं आणि आतून कुणालाही न अडवणारं दार असेल तर कडी घालायची गरजच उरत नाही.

‘हॅक झालं तर?’ होतं. मार्च २०२१ मध्ये वर्काडा या अमेरिकन कंपनीच्या सुमारे दीड लाख कॅमेऱ्यांपर्यंत हॅकर पोहोचले, कारण सर्वाधिकार असलेल्या एका खात्याची माहिती इंटरनेटवर उघडी पडली होती. त्यात रुग्णालयं होती, तुरुंग होते, टेस्लाही होती. ही कंपनी क्लाउडवरची दारंही विकते. म्हणून विक्रेत्याला विचारायचं : तुमच्या किती माणसांना माझं दार उघडता येतं, आणि त्यांनी उघडलं तर मला कळतं का? आपल्या बाजूने प्रत्येक ॲडमिनला दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर फोनवरचा आकडा, सक्तीची. पण दुसरी बाजूही बघा. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक सॉफ्टवेअरने जगभरातले कॅमेरे, त्यांचं चित्रण साठवणारे डीव्हीआर आणि राउटर गिळले, ते कारखान्यातूनच घालून आलेले साठेक ठरलेले पासवर्ड वापरून. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला त्या ताब्यात घेतलेल्या यंत्रांच्या जाळ्याने अमेरिकेतल्या मोठ्या संकेतस्थळांना खाली बसवलं. ती सगळी यंत्रं ‘आपल्याच जागेत’ होती. आपल्या वसाहतीत डीव्हीआर घरून दिसावा म्हणून राउटरला भोक पाडून ठेवलंय आणि पासवर्ड अजून तोच आहे, अशा जागा मला माहीत आहेत. ते घर आधीच उघडं आहे. क्लाउडची चांगली सेवा निदान दुरुस्त्या आपण होऊन सगळ्या कंट्रोलरवर पाठवते. आपल्या केबिनमधल्या कॉम्प्युटरवर त्या कोण टाकणार होतं?

खर्चाचं थोडक्यात. हो, दर महिन्याला भरावे लागतात आणि ते कधी संपत नाहीत. माझ्या सहा दारांचे महिन्याचे पैसे एका वॉचमनच्या आठवड्याच्या पगारापेक्षा कमी आहेत. पण मला काळजी पैशाची नाही, अडकण्याची आहे. पुढच्या वर्षी दर दुप्पट केला, किंवा कंपनीच बंद पडली, तर दारं कुणाची? म्हणूनच मला एकटीने वाटाघाट करायची नाही. सहा दारांच्या गिऱ्हाइकाचं कोण ऐकतं?

कार्यकारिणीकडे माझी मागणी इथून सुरू होते. कॅमेऱ्यांच्या जादा वर्गणीचा ठराव पुढच्या सर्वसाधारण सभेत मंजुरीला येईल, त्याच सभेत हाही विषय ठेवा. सभासदांची दारं मोजा. चारशे-पाचशे दारं एकत्र घेऊन गेलो तर दर आपण सांगू, आणि अटीही. दर किमान तीन वर्षं बांधलेला. नोंदी आणि याद्या मागू तेव्हा, साध्या एक्सेलमध्ये, जादा पैसे न घेता. करार संपला तरी कंट्रोलर दुसऱ्या सेवेशी जोडता येईल असा. माहिती भारतात. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांत सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायला आणि प्रणालीच्या नोंदी १८० दिवस जपायला सांगितलंय, ते विक्रेता पाळतो हे लेखी. आणि ॲडमिनचं खातं मालकाच्या नावावर, विक्रेत्याच्या नाही. या शेवटच्या अटीवर मी अडून बसेन. तो न उचललेला फोन मला अजून आठवतो.

दोन कामं अशी आहेत की ज्यांना सभाही लागत नाही आणि क्लाउडही लागत नाही. प्रत्येक सभासदाने या गुरुवारी बसून यादी करावी, की माझ्या शेडच्या किल्ल्या आणि कार्डं नेमकी कुणाकुणाकडे आहेत. माझी यादी केली तेव्हा एकवीस किल्ल्या दिल्याची आठवण निघाली आणि हातात आल्या तेरा. आणि आतून न उघडणारं एकही दार रात्रपाळीला ठेवू नये.

वॉचमनांना विसरू नका. नवी यंत्रणा आली की पहिल्यांदा त्यांना वाटतं की आपल्यावर पाळत आली. आमच्याकडे मामा परत आले नाहीत. मी विचारलं होतं, त्यांनी नको म्हटलं. आता गेटवर जे काका आहेत त्यांना मी सुरुवातीलाच सांगितलं, की या नोंदी तुमच्याही आहेत. दर शुक्रवारी सकाळी आदल्या आठवड्याच्या रात्रीच्या नोंदी छापून निघतात. ते वाचतात, काही विचारायचं असेल तर विचारतात, दोन प्रतींवर सही होते. एक प्रत माझ्या फायलीत जाते. दुसरी ते घडी करून जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घालतात आणि घरी नेतात.

सभेआधी कुणाला बघायला यायचं असेल तर दुसऱ्या शिफ्टला, चारनंतर या. केबल उपटून दाखवेन.

आपली,
भोसरीतील एक सभासद